फ्यूसुनच्या घरात फ्यूसुन कुठंय? (इस्तंबूल, पामुकची कादंबरी आणि माझा अडकलेला प्रश्न)

निळी_खिडकी

बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते, आज रविवार, घरात कोणी नाही, तर लिहूनच टाकते. (कादंबरीचा शेवट यात येणारे, ज्यांना वाचायचीय त्यांनी इथेच थांबा.)

एप्रिलमध्ये मी आणि माझी मोठी बहीण, आम्ही दोघीच, आठ दिवस इस्तंबूलला जाऊन आलो. ताईचं रिटायरमेंटनंतरचं पहिलं मोठं फिरणं. निळी मशीद, हागिया सोफिया, बॉस्फरसमधली बोट हे सगळं झालंच, ट्यूलिप तर इतके की फोटो काढून हात दुखले, पण त्यावर इथे खूप जणांनी आधी लिहिलंय म्हणून सोडून देते. मला मनातून जायचं होतं ते एकाच ठिकाणी, चुकुरजुमा भागातल्या एका लाल घरात.

तुर्की लेखक ओरहान पामुकची 'द म्युझियम ऑफ इनोसन्स' ही कादंबरी मी लॉकडाऊनमध्ये वाचली होती, इंग्रजीतून. मूळ तुर्की 2008 ची. तुर्कीत नाव 'मासुमियेत म्युझेसी', त्यातला 'मासूम' आपल्याला लगेच ओळखू येतो त्यामुळे मला ते नाव इंग्रजीपेक्षा जवळचं वाटतं. गोष्ट थोडक्यात अशी की 1975 चं इस्तंबूल, केमाल हा तिशीतला श्रीमंत घरातला मुलगा, त्याचं लग्न सिबेलशी ठरलेलं, आणि तो दूरच्या नात्यातल्या अठरा वर्षांच्या फ्यूसुनच्या प्रेमात पडतो. ती दुकानात काम करते. दोघं त्याच्या आईच्या रिकाम्या फ्लॅटवर भेटत राहतात आणि साखरपुडा झाल्यावर ती गायब होते. पुन्हा सापडते तेव्हा तिचं फेरिदुन नावाच्या मुलाशी लग्न झालेलं असतं आणि ती नवऱ्यासकट आईवडिलांच्याच घरात राहत असते. मग केमाल तिथे जेवायला जायला लागतो. सात वर्षं दहा महिने, 1,593 वेळा, त्यानेच मोजलेत. आणि दर वेळी त्या घरातलं काहीतरी खिशात घालून आणतो. मिठाची बरणी, केसाची पिन, चमचा, तिने ओढून विझवलेल्या सिगरेटची थोटकं.

हे सगळं त्या लाल घरात खरंखुरं मांडलंय! पामुकने जुनं घर विकत घेऊन 2012 मध्ये तिथे म्युझियम उघडलं. कादंबरीची प्रकरणं 83, तशा 83 काचेच्या पेट्या. पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात एक तिकीट छापलेलं आहे, पुस्तक घेऊन गेलं की काउंटरवर त्यावर शिक्का मारतात आणि आत फुकट सोडतात. मी त्यासाठी ते जाडजूड पुस्तक पुण्याहून हँडबॅगमधून नेलं होतं आणि शिक्का बसला तेव्हा खरं सांगते डोळ्यात पाणी आलं.

आत शिरल्या शिरल्या एक अख्खी भिंत आहे थोटकांची. 4,213. प्रत्येक थोटूक टाचणीने टोचलेलं, खाली बारीक अक्षरात हाताने लिहिलेली नोंद, काहींच्या टोकाला लिपस्टिक. वाचताना मी हा आकडा नुसता ओलांडला होता. भिंतीसमोर उभं राहिल्यावर काय झालं ते मला नीट सांगता येत नाहीये. आधी नुसती दिपून गेले आणि मग हळूहळू अंगावर काटा आला, म्हणजे चांगल्या अर्थाने नाही, कोणीतरी आपली उष्टी थोटकं आठ वर्षं उचलून नेतंय आणि आपण आज कशा मूडमध्ये होतो ते थोटूक कसं चिरडलंय त्यावरून ठरवतंय, असं माझ्या बाबतीत झालं असतं तर?

वर गेले तर टीव्ही आणि टीव्हीवर ठेवायचे चिनी मातीचे कुत्रे. तिथे मात्र मी पार विरघळले. कादंबरीत जेवण झालं की सगळे टीव्हीसमोर बसतात, एकच सरकारी चॅनल, कार्यक्रम संपले की राष्ट्रगीत. आमच्या मिरजेच्या घरात टीव्हीवर क्रोशाचा रुमाल होता आणि त्यावर चिनी मातीचं हरणाचं जोडपं, त्यातल्या एकाचं शिंग मी मोडलं होतं आणि आईने ते फेविकॉलने चिकटवलं होतं. ताई आणि मी दोघी एकदम "आपली हरणं!" म्हणालो. आजूबाजूच्यांनी वळून बघितलं.

ताईने पुस्तक वाचलेलं नाही, मी तिला ट्राममध्ये गोष्ट सांगितली होती तेवढीच. ती स्वयंपाकघरातल्या वस्तूंच्या पेटीसमोर खूप वेळ उभी होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे सगळं तिचंय ना? मग तिने कुठे काय म्हटलंय?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला काही आठवेचना. पाचशेच्यावर पानं वाचलेली, फ्यूसुनच्या कानातल्यापासून सँडलपर्यंत सगळं आठवतंय, पण ती स्वतः काय विचार करत होती ते मला माहीतच नाही. जे आहे ते सगळं केमाल सांगतो.

तर प्रश्न असा, की ही पामुकने मुद्दाम ठेवलेली रिकामी जागा आहे का? म्हणजे केमालचा आंधळेपणा आपल्याला दिसावा म्हणून? की पामुकलाही केमालइतकाच वस्तूंचा मोह पडला आणि बाई राहून गेली? आणि दुसरं, हे मला पुस्तक वाचताना दिसलं नाही, तिथे जाऊन दिसलं. तुमचं कधी असं झालंय का की जागा बघून आल्यावर पुस्तक बदललं?

गोदाकाठचा_वाचक

छान लिहिलंय, हरणांचं वाचून मीही आमच्या नाशिकच्या घरी जाऊन आलो.

पण मूळ प्रश्नावर मी तुमच्याशी असहमत आहे. माझ्या मते ती जागा शंभर टक्के मुद्दाम आहे. केमालवर विश्वास ठेवायचा नाही हे पामुक सारखं सुचवत असतो, फक्त ओरडून सांगत नाही. फ्यूसुनला काय हवं होतं ते पुस्तकात स्वच्छ आहे हो, तिला सिनेमात काम करायचं होतं. नवरा दिग्दर्शक व्हायला निघालेला, केमालकडे पैसा, त्याने फिल्म कंपनीही काढली. आणि मग काय केलं? वर्षानुवर्षं आज करू उद्या करू. तिने पडद्यावर जावं, शेकडो पुरुषांनी तिला बघावं हे त्यालाही नको आणि नवऱ्यालाही नको. शेवटी सिनेमा निघाला तो दुसऱ्याच नटीला घेऊन. हे सगळं केमाल आपल्या तोंडाने सांगतो आणि तरी त्याला कळत नाही की आपण हिचं आयुष्य अडवून धरलंय. माझ्या दृष्टीने तो कबुलीजबाब आहे, फक्त कबुली देणाऱ्याला आपण गुन्हा कबूल करतोय हे माहीत नाही.

आकड्यांचंच बघा. 4,213 भागिले 1,593 म्हणजे दर भेटीला अडीचच्या थोडी वर थोटकं. कोण ठेवतो असा हिशोब? प्रेमात पडलेला माणूस नाही ठेवत, मुनीम ठेवतो. तिने त्या रात्री काय म्हटलं ते त्याच्या लक्षात नाही, पण थोटकाची तारीख आहे. म्हणून त्या भिंतीसमोर तुम्हाला जो काटा आला ना, तीच बरोबर प्रतिक्रिया आहे असं मला वाटतं, लेखकाने तुम्हाला बरोब्बर तिथे आणून उभं केलं.

आणि जागा बघून पुस्तक बदलतं यावर माझा फारसा विश्वास नाही. पुस्तक पुस्तकात असतं. चांगल्या वाचकाला घरबसल्या दिसायला हवं.

मुक्काम_स्टुटगार्ट

वर लिहिलंय त्यातलं शेवटचं वाक्य मला पटलं नाही, राहवेना म्हणून लॉगिन केलं.

मी पंधरा वर्षं जर्मनीत आहे आणि माझ्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण तुर्की आहे, तिची आई साधारण फ्यूसुनच्याच वयाची, लग्न होऊन इकडे आलेली. मी ही कादंबरी वाचली तेव्हा मला त्या साखरपुड्याआधीच्या भेटींचं एवढं काय ते कळलंच नव्हतं, म्हणजे दोघं भेटतात, संबंध येतो, ठीक आहे. मैत्रिणीने मला समजावलं की त्या काळात, त्या वर्गातल्या मुलीने लग्नाआधी हे करणं म्हणजे परतीची वाट बंद. सिबेलचंही तेच, ती परदेशात शिकलेली, आधुनिक, पण तिनेही केमालला 'हो' म्हटलंय ते लग्न होणार या भरवशावर, आणि ते मोडल्यावर तिलाच लोकांना तोंड द्यावं लागतं. केमालला तोंड द्यावं लागत नाही. कादंबरीत एक भाग आहे, वर्तमानपत्रात बदनाम झालेल्या बायकांचे फोटो छापायचे तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर काळी पट्टी लावायचे. त्या फोटोंची पेटी म्युझियममध्ये आहे, एकाखाली एक नुसत्या काळ्या पट्ट्यांचे चेहरे. मला ती भिंतीपेक्षा जड गेली. नाव नाही, डोळे नाहीत, पण चेहरा मात्र सगळ्या गावाने बघायचा.

सांगायचं असं की हे मला घरबसल्या दिसलं नाही आणि मी स्वतःला वाईट वाचक समजत नाही. परक्या देशातली कादंबरी वाचताना आपण मोकळ्या जागा आपल्या घरातल्या सामानाने भरतो. मी साताऱ्याची, मी साताऱ्याच्या सामानाने भरल्या. त्या गावाला जाऊन आलं, निदान तिथल्या एखाद्या बाईशी बोललं, की त्यातलं थोडं सामान बाहेर काढावं लागतं.

अजून एक. मैत्रिणीच्या आईने म्युझियम दोनदा बघितलंय आणि पुस्तक चाळीस पानांत सोडून दिलं. मी विचारलं का, तर म्हणाल्या, वस्तू माझ्या आहेत, तो माणूस माझा नाही. हे वाक्य मी तेव्हापासून विसरले नाहीये.

वाट_पाहुणी

मी कादंबरी वाचलेली नाही आणि शेवट येणार म्हणून अर्धा धागा डोळे मिटून वाचला :) ऑक्टोबरमध्ये चार दिवस इस्तंबूल आहे. न वाचता म्युझियम बघण्यात अर्थ आहे का? आणि पोचायला अवघड आहे का, सोबत सासूबाई आहेत, गुडघ्याचा त्रास आहे.

नातूबागेमागे

निळी_खिडकी, तुमचा धागा वाचून मी काल संध्याकाळी मुद्दाम आपल्या पुण्यातल्या केळकर म्युझियमला जाऊन आलो. घरापासून दहा मिनिटांवर आहे आणि तरी शेवटचा गेलो होतो तो शाळेच्या ट्रिपबरोबर.

तुम्ही दोन्ही एकत्र ठेवून बघा. दिनकर केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावाने हे म्युझियम उभं आहे. पण आत राजाचं काय आहे? मी काल शोधत होतो. अडकित्ते आहेत, किती प्रकारचे, मोराचे, घोड्याचे, जोडप्यांचे. दिवे आहेत, कुलुपं आहेत, दौती, वज्र्या, कुंकवाचे करंडे, गुजरातेतले कोरीव दरवाजे, कोथरूडहून आणून उभा केलेला मस्तानी महाल आहे. बाप गावोगाव हिंडला आणि दुसऱ्यांच्या घरातल्या वस्तू आणत राहिला. केळकर 'अज्ञातवासी' नावाने कविता करायचे हे कदाचित बऱ्याच जणांना माहीत नसेल, आणि त्यांच्या पत्नी कमलाबाई या सगळ्यात बरोबरीने होत्या.

काल मी अडकित्त्यांच्या कपाटासमोर उभा होतो तेव्हा मला तुमच्या ताईंचा प्रश्न आठवला, तिने कुठे काय म्हटलंय. अडकित्ते बघताना मला तो प्रश्न पडला नाही. ज्या कुणाच्या हातात तो अडकित्ता होता त्या माणसाचं मला काहीच माहीत नाही, तरी मला कुणाचं काही हिरावल्यासारखं वाटलं नाही. का, याचा विचार करत घरी आलो. मला वाटतं केळकरांनी ज्याच्यासाठी जमवलं त्याच्या वस्तू जमवल्या नाहीत. गेलेला मुलगा त्यांनी पेटीत नाही घातला, त्याचं फक्त नाव दारावर लिहिलं आणि आत जगाला जागा दिली. केमालने उलटं केलं. फ्यूसुन जिवंत होती, शेजारी बसून जेवत होती, तेव्हापासूनच त्याने तिचं म्युझियम करायला घेतलं. ती जायच्या आधीच तो तिची आठवण काढत होता हो. मला यातलं हेच फार वाईट वाटतं.

(पुण्यातल्या लोकांनी एकदा जाऊन या. घाई न करता. खालच्या मजल्यावरच दमू नका.)

गोदाकाठचा_वाचक

नातूबागेमागे, "जायच्या आधीच आठवण काढत होता" हे जबरदस्त आहे, मला सुचलं नसतं.

मुक्काम_स्टुटगार्ट, तुमचं मान्य. मी जरा ठोकून बोललो. सिबेलचा मुद्दा तर मी वाचताना पूर्ण सोडून दिला होता, मला ती फक्त केमालच्या वाटेतली अडचण वाटली होती, म्हणजे मीही त्याच्याच डोळ्यांनी वाचत होतो आणि वर चांगल्या वाचकाच्या गोष्टी सांगत होतो.

तरी एक शंका राहतेच. शेवटच्या प्रकरणात स्वतः ओरहान पामुक पात्र म्हणून येतो. केमाल त्याला आपली गोष्ट सांगतो आणि पामुक ती केमालच्या 'मी'मध्ये लिहितो. म्हणजे एका पुरुषाने सांगितली, दुसऱ्याने लिहिली. तो इतरांनाही भेटून विचारतो, पण जिला विचारायला हवं ती तर नाही. मग पामुकला हे दिसत होतं असं धरलं तर त्याने तिला एखादं प्रकरण तरी का दिलं नाही? 83 पैकी एक. मी मघाशी शंभर टक्के मुद्दाम म्हणालो ते आता सत्तर म्हणतो.

निळी_खिडकी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी वाचेल असं वाटलं नव्हतं.

वाट_पाहुणी, आधी तुझं उत्तर देते. न वाचताही जरूर जा, माझी ताई न वाचताच गेली होती आणि सगळ्यात महत्त्वाचं तिलाच दिसलं. 1970-80 च्या काळातल्या मध्यमवर्गीय घराचं सामान म्हणून बघितलंस तरी डोळे भरून येतात. पण सासूबाईंचा विचार कर, इस्तिकलाल या मोठ्या रस्त्यावरून खाली उतरायला रस्ता चांगला तीव्र उताराचा आहे, येताना तोच चढ, दगडी फरसबंदी, आणि घर उंच अरुंद आहे, आत जिने चढावे लागतात. टॅक्सीने जवळपर्यंत जा. सोमवार टाळ, बंद असतं. खालच्या गल्ल्यांतून जुन्या सामानाची दुकानं आहेत, सासूबाई तिथे रमतील, मांजरं तर दर पायरीवर.

आता बाकीच्यांचं. तुमचे प्रतिसाद वाचून मी पुस्तक परत काढलं, पूर्ण नाही, पण फ्यूसुन जिथे जिथे काही *करते* तेवढे भाग पेन्सिलने खुणा करत वाचले. हे मला आधी सुचायला हवं होतं. आणि दोन गोष्टी सापडल्या.

एक म्हणजे पक्षी. ती इस्तंबूलमधल्या पक्ष्यांची चित्रं काढते. खिडकीत येऊन बसणारे पक्षी, एकेक चित्र पूर्ण करायला तिला कितीतरी महिने लागतात. केमाल दर वेळी विचारतो, कुठवर आलं, छान झालंय म्हणतो, आपण पॅरिसला जाऊन म्युझियम बघू म्हणतो. पण ती त्या चित्रात काय बघत होती हे त्याने एकदाही धड विचारलेलं नाही. मी तिथे म्युझियममध्ये ती चित्रं बघून पुढे गेले होते! थोटकांसमोर वीस मिनिटं आणि पक्ष्यांसमोर एक मिनिट. ताईला म्हणत होते तिचं इथे काही नाही आणि तिने स्वतःच्या हाताने केलेली एकच गोष्ट भिंतीवर होती. म्हणजे मीसुद्धा केमालसारखंच बघत होते ना.

दुसरं म्हणजे गाडी. तिला ड्रायव्हिंग शिकायचं असतं. केमाल शिकवतो, ती परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास होते, परीक्षकांच्या नजरा, त्यांचं बोलणं, आणि तरी ती परत जाते. लायसन्स मिळतं. त्यावर एक अख्खं प्रकरण आहे. अख्ख्या पुस्तकात तिने ठरवलं आणि तिने मिळवलं असं मला तेवढंच दिसलं. आणि शेवटी त्याच गाडीत, तीच चालवत असते तेव्हा... पुढचं ज्यांनी वाचलंय त्यांना माहितीय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तो अपघात केमालचं दुर्दैव म्हणून वाचला होता. आता वाचताना मला ती स्टिअरिंगवर दिसली. तिने मुद्दाम केलं की नाही ते पामुक सांगत नाही आणि मला ते आता ठरवायचंही नाहीये, पण त्या क्षणी गाडी तिच्या हातात होती.

म्हणून गोदाकाठ, तुमच्या सत्तर टक्क्यांशी मी सहमत होत चाललेय, पण उरलेल्या तीसवर माझा राग आहे तो आहे. माळ्यावरच्या खोलीत केमालचा पलंग आहे, लहानपणची तीनचाकी सायकल आहे, पामुकच्या हस्तलिखिताच्या वह्या आहेत, जगभरातल्या भाषांतरांच्या प्रती आहेत. आणि भिंतीवर पुस्तकाचं ते शेवटचं वाक्य, आपण फार सुखात जगलो हे सगळ्यांना कळू दे, असं केमाल सांगतो ते. म्हणजे घराच्या सगळ्यात वर दोघे पुरुष आहेत. कादंबरीत हे घर तिच्या आईवडिलांचं होतं ना. तिला वर एक खोली द्यायला काय हरकत होती?

नातूबागेमागे, मी पुढच्या रविवारी जातेय, ताईलाही नेतेय.

आणि ताईची बातमी. इस्तंबूलहून आल्यावर तिने माझ्याकडून पुस्तक मागून नेलं, इंग्रजी वाचायची सवय नाही तिला, रोज पाच-सात पानं, शेजारी डिक्शनरी घेऊन. काल रात्री साडेदहाला फोन आला. मी घाबरले, एवढ्या उशिरा काय म्हणून. तर म्हणाली, "अगं, पास झाली ती! लायसन्स मिळालं तिला." इतकी खूश होती. मी पुढचं काही सांगितलं नाही.